वळणारा फुगा

कोंढा,
मार्च १९७९

प्रिय चंद्रकला,

तुमच्या साकोलीच्या जत्रेहून आल्यापासून मी सायकलचं दुकान उघडलेलं नाही. लोक पंक्चरचं निमित्त काढून घरी येतात आणि फुग्याचंच विचारतात. साकोलीची बातमी एसटीत बसून माझ्याआधी गावात पोचली होती.

तुझ्या घरी न येता परस्पर निघालो, त्याचा राग धरू नकोस. त्या अवतारात तुझ्या दारात कसा उभा राहणार होतो? येणार म्हणून आधी कळवलंही नव्हतं. जावईबापूंची नवी बदली, नवे शेजारी. त्यांच्यासमोर तुला मान वर करून सांगता यावं, की हे माझे बाबूजी, एवढीच हौस होती.

तू लहान होतीस तेव्हा मी जत्रेत गॅसचे फुगे विकायचो. लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून हायड्रोजन तयार करायचो. सुटलेला फुगा वाऱ्यासोबत जायचा आणि तू त्याला वापस आणा म्हणून रडायचीस. तेव्हापासून डोक्यात बसलं होतं, वळवता येईल असा फुगा करायचा. कापडाला रबराचं सोल्यूशन चोपडून लांबट पिशवी केली, ती तुझ्या आईनं शिवली. खाली सायकलचा सांगाडा टांगला. पायडल मारलं की पंखा फिरायचा, हँडल फिरवलं की मागचं कापडी सुकाणू वळायचं. शेतात दोरी बांधून उडून पाहिलं होतं.

जत्रेत मात्र दोरी सोडली. तलावाच्या पाळीवर माणसंच माणसं. वर गेलो, जीव खाऊन पायडल मारलं, आणि पोरी, फुग्यानं खरंच तोंड वळवलं. अर्ध्या तलावापर्यंत मी वाऱ्याच्या उलट आलो. मग धोतराचा सोगा चेनमध्ये अडकला. जन्मभर दुसऱ्यांच्या चेनी बसवणारा मी! पायडल थांबलं, वाऱ्यानं मागे ओढलं, शिवण उसवली आणि मी बायकांच्या घाटाजवळ चिखलात येऊन पडलो. उठलो तर धोतर चेनीतच राहिलेलं. सगळी पाळ हसत होती.

तू तिथेच उभी होतीस, पिवळ्या पातळात. तुझी शेजारीण म्हणाली, "तुमच्या कोंढ्याचा हाय म्हणतेत हा बुढा. ओळखता का वो?"

तू पदर पुढे ओढलास. "नाही वो बाई, मी नाही ओळखत."

मी खाली पाहत धोतर सोडवत राहिलो. मी ऐकलं नाही, असं तुला वाटावं म्हणून. उघडं पडल्याची लाज एका दिवसात गेली असती. माझ्यापायी माझ्या लेकीला असं बोलावं लागलं, ही लाज काही जात नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो.

होळीला येत नाही, असं तू कळवलंस. कारण लिहिलं नाहीस. तुझी आई रोज विचारते. तिला मी असं सांगितलं आहे, की गर्दीतून सगळ्यांच्या आधी तूच धावत आलीस, हाताला धरून घरी नेलंस, पाय धुवायला पाणी दिलंस आणि समोर बसून जेवू घातलंस. काय वाढलं, असंही तिनं विचारलं. मी वांग्याची भाजी आणि भात म्हणालो. तेव्हा होळीला ये. आईनं विचारलं तर तूही तेच सांग.

तुझाच,
बाबूजी