वरच्या मजल्याशी पाणीवाटपाची बोलणी

२ जून
मागच्या खोलीच्या भिंतीवर ओल. ताटलीएवढा डाग, हिच्या कपाटाच्या वर. ही गेल्यापासून ती खोली बंद असते. कपाट तर उघडलेलंच नाही. आत अजून तिचा वास असणार, दार उघडलं की जाईल. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, प्लंबरला बोलवा. म्हटलं, मी दोन देशांमधले नदीचे तंटे सोडवतो, एका डागाला प्लंबर कशाला? डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली. आधी निरीक्षण, मग उपाय.

५ जून
डाग रेघेबाहेर. कारण उघड आहे: वरच्या मजल्यावरच्या मावशींची बाथरूम. म्हणजे त्या नदीच्या वरच्या अंगाचा देश, मी खालच्या अंगाचा. अशा वेळी आरोप करायचा नसतो, विश्वास निर्माण करायचा. बिस्किटं घेऊन वर गेलो. संयुक्त पाहणी, माहितीची देवाणघेवाण, सगळं मुद्देसूद मांडलं. त्या म्हणाल्या, अहो, नळ गळतोय असं सरळ सांगा की. मी म्हणालो, मी तसं म्हणणार नाही. मग बिस्किटं कशाला आणलीत, म्हणाल्या.

११ जून
मावशींनी बाथरूमचं पाणी बंद करून टाकलं. अंघोळीला बहिणीकडे जातात. बोलणी यशस्वी! ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, परिषदेत मांडा हे. ही असती तर खूप हसली असती. असो.

१९ जून
डाग कपाटाच्या मागे उतरला. काळजीचं कारण नाही. वरून पाणी थांबलं तरी मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो, माझ्याच अहवालात आहे. मुलगी म्हणाली, निदान कपाट तरी हलवा. हलवायचं तर रिकामं करावं लागणार. ते पुढच्या टप्प्यात.

२७ जून
भिंतीत आवाज. कुणीतरी सावकाश घोट घेतंय असा. भरदुपारीसुद्धा. रेडिओ लावून ठेवला.

४ जुलै
मागच्या खोलीचं दार फुगलंय, उघडत नाही. खालच्या फटीतून गार हवा येते. जिन्यात मावशी भेटल्या. बहिणीच्या सुनेशी अंघोळीवरून वाजलंय. म्हणाल्या, भाऊ, अजून किती दिवस? म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. म्हणाल्या, तुमच्या प्रक्रियेपायी सख्खी बहीण तुटायची वेळ आली.
उद्या दाराचं बघायचं. नक्की.

९ जुलै
दाराचं राहिलं. मुलगी न कळवता आली, सोबत प्लंबर. त्याने खांदा लावून दार उघडलं, कपाट ओढलं, भिंत फोडली. म्हणाला, साहेब, पाइप तुमचाच आहे, वरच्यांचा काय संबंध? पहिल्या दिवशी बोलावलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.
कपाटाची पाठ लगदा झालेली. कपड्यांवर काळी बुरशी. मी एकेक कपडा नाकाशी धरला. सगळ्यांना भिंतीचा वास. मुलगी म्हणाली, बाबा, पुरे.
मग वर गेलो. मावशींना सांगितलं, पाणी सुरू करा, तुमचं काही नव्हतं. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी माझ्या बुरशीने माखलेल्या हातांकडे पाहिलं, आत बसा म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन अंघोळीला गेल्या. आत पाणी पडत राहिलं. मी बसलो.