परका नर

९ मार्च
सूनबाई, लिही. माझ्या तोंडचं बदलू नको. मला लिहिता येत नाही, ओरडता येतं.

नातीने पाळलेल्या पतंगांचं आज सहावं लग्न. दर पिढीला सख्खा भाऊ, सख्खी बहीण! म्हटलं, "असल्या सोयरिकी जुळवायला मीच सापडले?" ती म्हणाली, "आजी, सगळे एकाच रक्ताचे झाले की त्यांच्या आतली अक्षरं सारखी होतात. मशीन ती तुकड्यातुकड्याने वाचतं, मग आम्ही तुकडे जोडून अख्खा मजकूर लावतो." तिच्या प्रयोगशाळेत अळ्या मरतात, माझ्या खोलीत जगतात. म्हणून पेट्या माझ्या उशाशी.

१२ मार्च
घरचे नर लुळे. एकही अंडं नाही. दिवेलागणीला शेवटची मादी खिडकीच्या जाळीला चिकटून बसलेली, आणि बाहेरून एक परका नर पंख आपटतोय — दांडगा, देखणा. मी जाळी सरकवली.

हे फक्त वहीत. सूनबाईला शपथ घातली. म्हणते, "आई, तिला सांगून टाका हो." तू लिही.

२ मे
पेट्या भरून पतंग निघाले. नात खूश. डबे घेऊन गेली.

२० जून
तुकडे जुळेनात. दोन वर्षांचं काम! नात दारातूनच म्हणाली, "आजी, बाहेरचा नर कुणी आत घेतला?"

"मला काय ठाऊक," म्हटलं.

तिला कळलं कसं? ठाऊक होतं दोघींनाच. लिही: सूनबाईने केसाने गळा कापला. वेलांटी चुकली तरी चालेल, नाव चुकवू नको.

"आई, मी नाही सांगितलं."

तेही लिही. पुढे 'खोटं' असं लिही.

२१ जून
तिच्या हातचा चहा घेतला नाही. बावीस वर्षं हिच्यापाशी मन मोकळं केलं. मीच भोळी.

ती लिहितेय. मान वर करत नाही.

२४ जून
नातीला विचारलं, "माझ्या वहीतलं तुला कुणी सांगितलं?" तिने माझ्यापुढे कागद पसरला. "तुझी वही कोण वाचतंय, आजी? हे बघ, एकेका जागी दोन-दोन अक्षरं. एक आईचं, एक बाहेरच्या बापाचं. पतंगांनीच सांगितलं." आता सगळं पहिल्यापासून.

सूनबाईला म्हटलं, विसाव्या तारखेचं पान फाड.

"राहू दे, आई. तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलंय."