आजाला मत नव्हतं

गुरुवार, मार्च २००१. अजमान

साइटवरचा इंजिनिअर रामदिन सुरीनामचा. हिंदी बोलताना 'आजा' म्हणाला आणि माझे कान टवकारले. हा तर आपलाच शब्द! त्याचा आजा डचांच्या मळ्यात ऊस तोडायचा. तिथे विधिमंडळाची निवडणूक व्हायची, पण मताचा हक्क मोठा कर भरणाऱ्यांनाच.

"मग आजाला हक्क द्यायचा की नाही, हे कोण ठरवणार?"

"जिनके पास था, वही!" तो हसला.

आजा डोक्यातून जाईना. संध्याकाळी मराठी मंडळाच्या सभेत म्हणालो, लेबर कॅम्पातल्या आपल्या पोरांनाही मताचा हक्क द्या. इथे तो फॅमिली आणलेल्यांनाच. त्यांनीच ठरवलं, नको. माझा एकट्याचा हात वर. दुसरं काय होणार होतं?

बाहेर कॅम्पातला सदू थांबलेला. "शेठ, झालं का आमचं?"

"इन्शाल्ला," म्हणालो.

इथे तोंडावर नकार द्यायचा नसला की हेच म्हणतात, आणि सदू इथे जुना आहे. त्याला 'नाही'च ऐकू आलं. आत जाऊन सभेच्या खुर्च्या उचलू लागला.