केसांसकट, हाडांसकट

१४ मार्च १९६१, मंगळवार

कान फाटला! पेटीत डोकावायला गेलो आणि मादी थेट तोंडावर आली. आवाज नाही, काही नाही — घुबडाच्या पंखाला आवाजच नसतो. चार नखं कानात. रक्त शर्टाच्या आतून पोटापर्यंत उतरलं. क्रूझ म्हातारा दारात उभा राहून हसतोय आणि वर ओरडतोय, "आटमा! आटमा!" माझं नाव! घुबडासमोर माणसाचं नाव घेऊ नये, ते पाठ करतं — हे त्या जर्मनाला कोण सांगणार?

पण बघायचं ते बघितलं. दोन अंडी. पांढरी, मोठ्या लिंबाएवढी.

१५ मार्च

अंड्यांचं ऐकून प्राणिबागेचे मोठे डॉक्टर नाचायचेच तेवढे बाकी होते. ब्राझीलच्या जंगलातलं घुबड हे. इथं जर्मनीत ब्राझिलकाउझ म्हणतात. छातीवर तपकिरी आडवे पट्टे, डोळे काळेभोर, ओरडणं असं की घशात बेडूक अडकलाय. ह्याचं कुणी धड लिहूनच ठेवलेलं नाही म्हणे. अंडी किती दिवस उबवते, पिल्लू डोळे कधी उघडतं — काही नाही. डॉक्टरांना ते सगळं छापायचंय.

पिल्लू उडालं तर तुझ्या राहण्याच्या कागदावर सही करीन, म्हणाले. नाहीतर पुन्हा बोट. हाम्बुर्गला उतरलो ते सारंगाचं, आम्हा खलाशांच्या मुकादमाचं, नाक फोडून उतरलो. आता कुठल्या तोंडानं बोटीवर जाऊ?

रोज काय दिलं, काय खाल्लं, ते वहीत लिहायचंय. मी चौथी पास. मराठीत लिहितो, श्रीरंगराव रविवारी येऊन त्याचं जर्मन करतात. ते पुण्याचे, र्युसेल्सहाइमला मोटारीच्या कारखान्यात शिकायला आहेत. ती वही डॉक्टरांची. ही माझी.

१९ मार्च, रविवार

श्रीरंगराव म्हणाले, "काय रे, घरी कळवलंस का, घुबडं सांभाळतो म्हणून?"

"पोपट सांभाळतो म्हणून कळवलंय."

"पोपट! मग धाड एखादं हिरवं पीस."

हसून हसून कानाची खपली निघाली.

२ एप्रिल

नर उंदीर आणतो, ती पेटीत बसून खाते. वीस दिवस झाले, हलली नाही.

९ एप्रिल

फुटलं! एका अंड्यातून पिल्लू. दुसरं वांझ. पिल्लू म्हणजे डोळे मिटलेलं मांस, त्यावर पांढरी लव. क्रूझनं टोपी काढली. खरंच काढली!

१० एप्रिल

उंदीर मारायचं काम क्रूझचं. त्याला एकच हात, दुसरा लढाईत रशियात राहिला. शेपटीला धरतो आणि टेबलाच्या कडेवर — टक्. दुसरा — टक्. बोलत असतो, बघतसुद्धा नाही. सहा उंदीर झाले तरी बोलणं मोडत नाही. मग डबा माझ्याकडे. "मिट हार, मिट क्नोखन!" म्हणजे केसांसकट, हाडांसकट टाक.

असं कसं टाकू? बाळंतीण आहे ती. कुसुमअक्का बाळंत झाली तेव्हा आईनं चाळीस दिवस तिच्या ताटात माशाचा काटा येऊ दिला नाही. बोटांनी चाचपून चाचपून मऊ तेवढंच वाढायची. मी माझी मासळीची सुरी काढली. सोललं, हाडं काढली, गुलाबी मांस तेवढं दिलं. काय खाल्लं तिनं! नजर ठरत नव्हती.

डॉक्टरांच्या वहीत लिहिलं, सहा उंदीर, आख्खे. सांगितलं होतं तसं लिहिलं, एवढंच.

१४ एप्रिल

न पचलेले केस नि हाडं घुबड गोळी करून ओकतं. फांदीखाली रोज दोन-तीन पडायच्या. चार दिवस झाले, एक नाही. फरशी आरशासारखी. झाडायचं काम वाचलं.

१७ एप्रिल

क्रूझला खतात कातडी सापडली. मुठीत धरून आला आणि ती मूठच माझ्या तोंडावर मारली. केस, चिकट रक्त, सगळं माझ्या तोंडात. "गाढवा! हाडं! हाडं!" मीपण सोडलं नाही. डोकं घातलं त्याच्या तोंडावर. पुढचा दात पडला. दोघं त्या खतात लोळलो. एका हाताच्या म्हाताऱ्याला मारलं मी, आणि मारताना बरं वाटलं.

रोज टक्-टक् करणारा हा, त्याला बाळंतिणीचं काय कळणार? उद्यापासून कातडी नि हाडं शेगडीत घालीन.

१८ एप्रिल

पिल्लानं डोळे उघडले. नववा दिवस. लिहिलं.

क्रूझनं दाताचं डॉक्टरांना सांगितलं नाही. जिन्यावरून पडलो म्हणाला.

२४ एप्रिल

पिल्लू वाढलंय, पण पायावर उभं राहत नाही. पाय दोन्हीकडे पसरतात. लवकर जन्मलेल्या पोरासारखं. मांस वाढवलं. आठ उंदरांचं.

२८ एप्रिल

मादीनं नराचं डोकं फोडलं. डबा आणायला गेलो तेवढ्यात. त्याला खाली दाबून चोचीनं कवटीवर मारत होती. मी खराटा घेऊन आत. तिनं माझा अंगठा धरला, नखापर्यंत. नर जगेल, एक डोळा गेला. पोट भरलंय आणि तरी अशी भुकेली!

२ मे

तिनं पिल्लू खाल्लं.

माझ्यासमोर, भर दुपारी. आधी पाय. मांस नाही — पाय, पंखाचं टोक, जिथं हाड तिथं. पिल्लू जिवंत होतं. माझ्याकडे बघत होतं. मी ओरडलो, जाळीवर लाथा मारल्या, ती थांबली नाही. अर्धं हिसकावून घेतलं.

३ मे

डॉक्टरांनी ते अर्धं पिल्लू टेबलावर कापलं. उरलेल्या पंखाचं हाड चिमट्यानं वाकवलं. मोडलं नाही. ओल्या काडीसारखं वाकलं. डॉक्टर म्हणाले, ह्याला हाडंच मिळाली नाहीत. आईलापण नाहीत. ती हाडं शोधत होती.

मग त्यांनी आम्हा दोघांना विचारलं,

"खायला काय दिलंत?"

क्रूझनं माझ्याकडे बोट केलं. हा सोलून देतो. खत दाखवायला घेऊन गेला. खतात काय असणार? शेगडीत गेलेलं सगळं. मग डॉक्टरांनी वही उघडली. श्रीरंगरावांचं सुंदर अक्षर — सहा उंदीर, आख्खे. आठ उंदीर, आख्खे. रोज. मला विचारलं, तू सोललेस?

मी नाही म्हटलं. "नाइन."

डॉक्टर क्रूझला म्हणाले, उंदीर मारायचा कंटाळा करून तूच, ह्याची पाठ वळली की आख्खे उंदीर काढून घेत होतास आणि खाटकाकडचं मऊ मांस घालत होतास. वर ह्या पोरावर ढकलतोस. वही गेनाऊ आहे, अगदी तंतोतंत.

क्रूझ पडलेल्या दाताच्या फटीतून श्वास घेत माझ्याकडे बघत राहिला.

४ मे

क्रूझ गेला. एक पिशवी. एवीतेवी एकच हात.

९ मे

कागदावर सही झाली. राहा म्हणाले, पिल्लू नाही तर नाही, माणूस भरवशाचा आहे.

१० मे

आता टक् मी करतो. पहिले तीन नीट मेले नाहीत. पुन्हा पुन्हा मारावं लागलं, टेबल लाल. क्रूझ एका दणक्यात का मारायचा ते आज कळलं. उंदराला समजायच्या आत संपवायचा.

आख्खा दिला. केसांसकट, हाडांसकट. तिनं डोक्याकडून धरला आणि गिळला, शेपटी मागाहून गेली. मग डोळे मिटून बसली. महिन्यात पहिल्यांदा.

११ मे

फांदीखाली गोळी! राखाडी, अंगठ्याएवढी. फोडली. केसांच्या आत कवटी, दात, बरगड्या, सगळं धुतल्यासारखं. ज्याला मी काटा समजलो तेच तिचं अन्न होतं.

२० मे

डॉक्टरांनी क्रूझची खोली मला दिली. पलंगाखाली सिगारचे अकरा डबे. मला वाटलं बाटल्या लपवल्या असतील. डब्यांत गोळ्या! ह्या जोडीच्या, सहा वर्षांच्या. प्रत्येक गोळी कागदात गुंडाळलेली, कागदावर तारीख, डाव्या हाताचं वाकडं अक्षर. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणी नाही. डॉक्टरांना पत्तासुद्धा नाही.

शेवटची गोळी १० एप्रिलची. पुढं रिकामे कागद. ११ एप्रिल — काही नाही. १२ एप्रिल — काही नाही. असे २ मेपर्यंत. बावीस कागद, घडी घालून, एकावर एक. रोज मी झाडायच्या आधी येऊन बघून जात होता.

हे त्यानं डॉक्टरांसमोर आणलं नाही. का, ते मला माहीत आहे. वही होती ना समोर, गेनाऊ!

जेवलो नाही.

२१ मे, रविवार

श्रीरंगराव आलेत, पेन काढून बसलेत. डॉक्टरांची वही मागतायत. ती नको म्हटलं. अकरा डबे टेबलावर ठेवलेत आणि आता ही वही देतोय. कान फाटला तिथून सुरू करा. सगळं जर्मन करा, सारंगाचं नाकसुद्धा. मग डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ.