आपल्या घरचं तटस्थ धोरण

बाबा, तुमच्या फिनलंडने शेवटी बाजू घेतली. इतकी वर्षं रशियाच्या कुंपणाला लागून, तोंडाला कुलूप लावून बसलेला तो देश पाश्चिमात्यांच्या लष्करी आघाडीत शिरला. बातमी ऐकली तेव्हा मी गाडी चालवत होते आणि तोंडातून पहिलं काय निघालं असेल तर, ‘घ्या, आता बोला!’ गाडीत दुसरं कुणी नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तुम्हीच लागता.

इथल्या, अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या घरातलं ते जेवणाचं टेबल आठवतं का तुम्हाला? तुम्ही युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवत होतात आणि उत्तर युरोपातले चिमुकले देश हा तुमचा विषय. नागपूरच्या माणसाने हा कुठला विषय धरला, म्हणून महाराष्ट्र मंडळातले काका लोक तुमची टिंगल करायचे, तुम्हीही हसायचात. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. स्वीडनच्या किनाऱ्याजवळ रशियन पाणबुडी खडकावर रुतून बसली, तेव्हा तुम्ही अख्खं टेबलच ताब्यात घेतलं. वरणाचं पातेलं म्हणजे रशिया, लोणच्याची बरणी फिनलंड. ‘बघ, नॉर्वे आणि डेन्मार्क आघाडीत आहेत, पण परक्या फौजांना कायमचा तळ देत नाहीत, अणुबॉम्ब ठेवू देत नाहीत. काहून? तर पातेलं उकळू नये म्हणून. स्वीडन कुठल्याच बाजूला नाही. आणि फिनलंड मोठ्याला डिवचत नाही, पण आपलं घर आपणच चालवतो. याला म्हणतात अक्कल!’ आई म्हणाली, ‘तो रशिया इकडे सरकवा, भात थंड होतोय.’ मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटायचा की शाळेत मी ते सगळं तसंच्या तसं इंग्लिशमध्ये सांगायचे.

पण ही अक्कल तुम्ही वर्गात ठेवली नाहीत, घरात आणलीत. आपलं आडनाव असं, की ते सवर्णांत आणि आपल्यात, दोन्हीकडे सापडतं. त्याच्या आडोशाला तुम्ही आम्हाला बसवलंत. आपण बौद्ध आहोत हे मंडळात कुणाला कळता कामा नये. कुणी येणार असलं, की दिवाणखान्यातली बुद्धमूर्ती तळघरात वॉशिंग मशीनच्या मागे नेऊन ठेवायची, आणि ते काम माझं. घरात तुम्ही ‘काहून’ म्हणायचात, पण बेल वाजली की तेच ‘का बरं’ व्हायचं. दार उघडेपर्यंत तुमची भाषा नागपूरहून पुण्याला पोचलेली असायची! आई त्याला ‘तुझ्या बाबांची फॉरेन पॉलिसी’ म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो. हसण्यासारखं काय होतं त्यात, कोण जाणे.

मग तो रविवार. मी हायस्कूलमध्ये होते. विदर्भातून स्कॉलरशिपवर आलेला तुमचा नवा विद्यार्थी जेवायला आला होता. आपल्यातलाच, म्हणून तर तुम्ही त्याला एकट्याला बोलावलं होतंत. किती खूश होतात तुम्ही! मूर्ती वरच होती. त्याने आईला बाजूला सारून स्वतः ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, तुम्ही दोघं मोठमोठ्याने गावाकडचं बोलत होतात. तुमचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे काका आणि काकू जवळच्या मॉलमध्ये आले होते, ‘पाच मिनिटांसाठी डोकावतो’ म्हणाले. तुम्ही फोन ठेवलात आणि त्या पोराच्या देखत मला म्हणालात, ‘मूर्ती खाली ठेवून ये.’ तो माझ्याकडे बघतच राहिला. मी मूर्ती उचलून तळघरात गेले.

काकूंनी भाकरीचा वास घेऊन ‘अय्या, भाकरी! मला वाढाच’ म्हटलं, आणि पाट-पाणी व्हायच्या आत त्याला विचारलं, ‘तुम्ही कुठले? म्हणजे, आपल्यातले का?’ तो सरळ म्हणाला, ‘मी बौद्ध आहे, काकू.’ काकू गोड हसल्या. ‘हो का? मग काय बाबा, स्कॉलरशिप तुमच्यासाठीच! आमचा भाचा एवढा हुशार, बसलाय घरी. मेरिटला विचारतो कोण हल्ली?’ आणि ताटातली भाकरी त्यांनी बोटाने बाजूला सारली. ‘मी डाएट करतेय.’ त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, त्याने तुमच्याकडे पाहिलं. मीही, आईनेही. बाबा, तुम्ही फक्त एवढं म्हणायचं होतंत, ‘आम्हीही बौद्ध आहोत.’ तीन शब्द! तुम्ही काय म्हणालात? ‘फिनलंडमध्ये ना, वहिनी, युनिव्हर्सिटीपर्यंत सगळ्यांना शिक्षण फुकट असतं.’

तो जेवला नाही. दारात बूट घालून उभा राहिला आणि म्हणाला, ‘जयभीम, सर.’ काकू मागे उभ्या होत्या. तुम्ही म्हणालात, ‘ड्राइव्ह सेफली.’

ते लोक गेल्यावर मी तुमच्यावर किंचाळले. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘नागपूरला वस्तीचं नाव कळलं म्हणून मला खोल्या सोडाव्या लागल्या आहेत. तुला काय माहीत? तुझ्या आईच्या ऑपरेशनला हॉस्पिटलमध्ये कोण बसलं होतं? याच काकू. घर कुणी शोधून दिलं? याच काकांनी. लहानाने मोठ्याशेजारी कसं राहायचं, ते फिनलंडकडून शीक.’ मी म्हटलं, ‘Finland fought first, Baba.’ तुम्हीच शिकवलं होतंत मला. रशियाने तळ मागितले तेव्हा फिनलंडने नाही म्हटलं, बर्फात उभं राहून लढला, जमीन गमावली, माणसं गमावली, आणि मग गप्प बसायचा हक्क कमावला. फिनलंडच्या दक्षिणेला, खाडीपलीकडच्या तीन छोट्या देशांनी रशियाला मुकाट्याने तळ दिले, एक गोळी झाडली नाही, आणि वर्षभरात ते नकाशावरून पुसले गेले. ‘मग आपण फिनलंड कसले? वी आर द अदर थ्री!’ तुम्ही चष्मा पुसलात. ‘होमवर्क झाला का?’ म्हणालात. झालं, एवढंच तुमचं उत्तर! तो विद्यार्थी सेमिस्टरअखेर दुसऱ्या गाइडकडे गेला, आणि तुम्ही त्याचं नावसुद्धा पुन्हा काढलं नाहीत.

तुम्हाला भीती वाटली याचा मला राग नाही हो. भीती कुणाला वाटत नाही? पण तुम्ही शिकलेले होतात ना, म्हणून भीतीला धोरण म्हणालात आणि आमच्याकडून ते पाठ करून घेतलंत. त्याचा राग आहे. अजून आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा फ्युनरल होममध्ये काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘विधी कसे करायचे? गुरुजी सांगू का?’ आई पलीकडे, ऐकू न येण्याइतकी लांब, खाली बघत बसली होती. मी म्हटलं, ‘बौद्ध पद्धतीने करणार आहोत.’ आवाज माझा, पण हळूच निघाला. काकूंनी माझा हात थोपटला, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ‘अगं, हळू काय बोलतेस वेडे? आम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. माझा भाऊ नागपूरला तुझ्या बाबांच्याच वर्गात होता. पण आम्ही कधी तसं दाखवलं का?’

‘दाखवलंत,’ मी म्हटलं. ‘आमच्याच टेबलावर, बाबांच्या तोंडावर.’ काकूंना खरंच आठवत नव्हतं.

म्हणजे त्या रविवारी त्यांना माहीत होतं, बाबा. त्या बोलल्या त्या पोराला, पण बसल्या होत्या तुमच्या समोर. तुमचं सगळं जपणं, लपवणं, ते पुणेरी ‘का बरं’, सगळं त्या बघत होत्या, आणि पुढच्या वर्षी दिवाळीला पुन्हा चकल्या घेऊन आल्या. आईला हे मी सांगितलेलं नाही. आणि इतकं भांडून झाल्यावर एक कबूल करते. तुम्ही जिवंत असतात, समोर त्या खुर्चीत बसला असतात, तर हे मी तुम्हालाही कळू दिलं नसतं.