आक्षेप असल्यास उठून बोलावे

सावोनलिना, ६ मार्च

चि. हेन्रीका हिस, अ. आ.

तुझा प्रबंध पोचला. कागद इतका गुळगुळीत, की मासे गुंडाळायच्याही कामाचा नाही. वजनाचं जाकीट घालून पायऱ्या चढणारे सगळे म्हातारे दणकट झाले, असं त्यात लिहिलंयस. मग मी कुठे आहे? तुमच्या प्रयोगात त्याच जाकिटापायी माझा गुडघा गेला, आणि आता म्हणे ते वृद्धाश्रमांतल्या सगळ्यांच्या अंगावर चढवणार. मधेच सोडून जाणारे हिशेबात धरत नाहीत, असं तुझे प्राध्यापक लेहतोविर्ता मला फोनवर म्हणाले. बुडालेल्यांना वगळलं, तर आमच्या तळ्यात प्रत्येकालाच पोहता येतं.

तुझ्या प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला येते आहे. मोजे विणलेत, पाय अजून गार पडतात ना तुझे?

लोभ आहेच, थोडी अक्कलही असू दे.

तेल्लेर्वोमावशी

१४ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

संशोधन म्हणजे कॉफीवरच्या गप्पा नव्हेत. तुझा गुडघा आधीपासूनच कुरकुरत असणार, असं सरांचं मत. मला ते पटत नाही. पण आता प्रबंध बदलला तर पदवी लांबेल आणि इथली नोकरी दुसऱ्या कुणाला जाईल.

अवश्य ये. मात्र शेवटी मी सभागृहाला म्हणेन, की कोणाचा आक्षेप असल्यास उठून बोलावे. ते खरं धरू नकोस. तो जुना रिवाज आहे, सभ्य माणूस उठत नाही. सर म्हणाले, तुमच्याकडची माणसं एकदा बोलायला लागली की रात्रीची मेजवानी गार होते. मला हसू आलं. रागावू नकोस.

माया बरोबर आण, जीभ घरी ठेव.

तुझी हेन्रीका

३० मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

सुटले एकदाची. ते वाक्य म्हणताना मी मान खालीच घातली होती. वर पाहायचा धीर झाला नाही. पण कुणी बोललं नाही. सर म्हणाले, तुझी मावशी दिसते त्यापेक्षा शहाणी आहे. मेजवानीला न थांबता तू बस गाठलीस, तरी मला कळलं. माझ्यासाठी गप्प राहिलीस. हे मी विसरणार नाही.

अशीच माझी राहा.

हेन्रीका

सावोनलिना, २ एप्रिल

चि. हेन्रीका हिस, अ. आ.

तुझ्या सरांना सांग, ते शहाणपण त्यांचं त्यांनाच लखलाभ. मी गप्प राहिले नव्हते. तुझं वाक्य संपताच काठी टेकली, पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरलं, त्या खोल खुर्चीतून अर्धीमुर्धी वर आले, आणि तेवढ्यात अध्यक्षांनी सभा संपवली. सगळे ताडकन उभे राहिले. त्यांच्या पाठींमागे मी अजून उठतच होते. तुझ्या पुस्तकात म्हाताऱ्या किती झटकन उठतात, त्याचं केवढं कौतुक आहे गं.

तुला माया वाटली, तो गुडघा होता. माया असती तर मी ओरडले असते.

जाकिटं अजून वृद्धाश्रमांत पोचलेली नाहीत. तुझे गुडघे धड आहेत. आता तू ऊठ.

मावशी