शेड मुलीला, लेबल कोणालाच नाही

मी, खाली सही करणारी, गुडघ्यांनी रजा घेतलेली पण डोकं ठिकाणावर असलेली विधवा बाई, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. कंटाळा करत आले. आता कंटाळा करायलाही त्राण उरलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. मधे भिंत घालू नये. भांडायचंच असेल तर स्वयंपाकघरात भांडावं. तिथे निदान कोणीतरी चहा टाकतं.

२. कोंबड्यांच्या दोन्ही शेड, पाण्याच्या टाक्या आणि पिल्लांच्या उबेचे दिवे मुलीला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. त्या वासाने त्याला लहानपणापासून मळमळतं.

३. शेडबरोबर मुलीला एक अट आहे. ती का, हे सांगायला हवं.

माझ्या यजमानांच्या हाताला जाळीची तार लागली. जखम एवढीशी, पण चिघळली. इस्पितळात एकामागून एक अँटिबायोटिक दिली. जंतू कशालाच दाद देईनात. आमच्या कोंबड्यांना, आजार असो नसो, पिल्लं असल्यापासून पाण्यातून तसलीच औषधं जात. मी डॉक्टरांना विचारलं, हे आमच्याच शेडमधून आलं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मीही ठामपणे सांगत नाही. पण यजमान गेल्यावर मी रोजचं औषध बंद केलं. शेडमधली दाटी कमी केली, खाली अंथरलेलं भाताचं तूस वेळच्या वेळी बदललं. पहिल्या खेपेला बरीच पिल्लं दगावली. मग हळूहळू जम बसला.

विक्री धाकटे दीर बघत. त्यांनी पाकिटांवर लेबल छापून घेतलं: ‘अँटिबायोटिक कधीच नाही’. माल हातोहात जाऊ लागला. मग एका हिवाळ्यात मागच्या शेडला आजार आला. पक्षी माना टाकून बसले. पशुवैद्य बाईंनी औषध लिहून दिलं. दीर म्हणाले, औषध दिलं तर लेबल गेलं. मरतील त्या मरू द्या, नाहीतर द्या आणि गप्प बसा. मला दोन्ही जमेना. मुक्या जिवाला तडफडत ठेवायचं आणि वर चांगुलपणाचं लेबल लावायचं, हे मनाला पटलं नाही. मी औषध दिलं, ते अंगातून उतरेपर्यंत विक्री थांबवली आणि खरेदीदाराला सांगून टाकलं. गिऱ्हाईक तुटलं. दिरांनी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

तर अट अशी: निरोगी कोंबडीला औषध देऊ नये, आजारी कोंबडीचं अडवू नये, आणि जे केलं तेच पाकिटावर छापावं. जागा पुरली नाही तर कोंबडीचं चित्र लहान करावं.

४. बँकेत जे निघेल ते मुलाला. शिवणयंत्र शेजारणीला, तिने कधी मागितलं नाही म्हणून.

५. धाकट्या दिरांना काही ठेवलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला वाटा ठेवला तर पुढे वाद निघतो, आणि मला साक्षीदार तेच हवे होते. मुलं सोडली तर हे सगळं जवळून पाहिलेलं दुसरं माणूस घरात उरलेलं नाही. निरोप धाडला. येतील असं वाटलं नव्हतं.

आज आले. चष्मा लावून उभ्याउभ्याच वरचं सगळं वाचलं. म्हणाले, “वहिनी, यात मी फार वाईट दिसतो.”

“भाऊजी, खोटं काही असेल तर सांगा. खोडते.”

त्यांनी तिसरं कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “मरू द्या म्हणालो, ते राहू द्या. पण दादा गेल्यावर हे घर त्याच लेबलावर चालत होतं, तेही लिहा.”

खरं होतं. लिहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सही केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: प्रत्येकाने आपल्या सहीशेजारी घातला आहे

लिहून ठेवणारी: (सही)

आम्ही दोघांनी तिला सही करताना पाहिलं, आणि तिच्यादेखत आपापली सही केली.
साक्षीदार: पशुवैद्य बाई (सही)
साक्षीदार: धाकटा दीर (सही)